सतरा कलमांची इच्छा

खारूचं खरं नाव तिच्या कंपनीच्या ओळखपत्रावर होतं, बाकी सगळीकडे ती खारूच. हे नाव आत्याने ठेवलेलं. लहानपणी ही पोरगी जमिनीवर कमी आणि कपाटांवर जास्त सापडायची. मोठी होऊन ती लिफ्ट दुरुस्त करायला लागली तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. "चढायची खोड होतीच, आता तिचा पगार मिळतो," एवढंच आत्या म्हणाली.

या आत्याची लाँड्री होती. पुढे इस्त्रीची टेबलं आणि हँगरवर ओळीने लटकलेले कोट, मागे एक लांबट खोली. रविवारी दुकान बंद असायचं, पण शनिवारची ऊब भिंतींत शिल्लक राहायची. त्या खोलीत, चादरींच्या घड्या घालायच्या मोठ्या टेबलाभोवती, दर रविवारी सकाळी दहाला गेली बावीस वर्षं एक खेळ चालायचा. खेळ म्हणजे काय, तर चार-पाच मोठ्या माणसांनी बसून एक गोष्ट रचायची. प्रत्येकाचं तीत एकेक पात्र. कुणी योद्धा, कुणी जादूगार. आपलं पात्र काय करणार ते खेळाडूने सांगायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. आणि उरलेलं सगळं, म्हणजे राजे, राक्षस, वादळं, दरोडेखोर आणि खानावळीचा कुरकुऱ्या मालक, हे एकट्या सूत्रधाराने सांभाळायचं.

बावीस वर्षं हे सूत्रधार होते खारूचे बाबा. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते, पण लोक अजूनही त्यांना मोजणीदारच म्हणत. खेळातल्या जगाचा नकाशा त्यांनीच काढलेला. नदीवरचे पूलसुद्धा मापात. आईला या खेळात काडीचाही रस नव्हता. रविवारची सकाळ घर आपल्या एकटीचं असतं, यातच तिला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

मग बाबांच्या घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्रावर बारीकशी गाठ होती, ती काढून टाकली, काळजीचं कारण उरलं नाही. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की वर्षभर दिवसाला अर्ध्या तासाच्या वर बोलायचं नाही, आणि ओरडायचं तर मुळीच नाही. ज्या माणसाने बावीस वर्षं ड्रॅगनचा आवाज काढला त्याला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखं होतं. बाबांनी वाद घातला नाही. एका रविवारी ते लाँड्रीत आले. पुठ्ठ्याचा जो आडोसा पुढे धरून सूत्रधार आपली गुपितं झाकतो, तो त्यांनी खारूसमोर उभा केला, फाशांची डबी शेजारी ठेवली आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे, खारू आजवर बसायची त्या खुर्चीत जाऊन बसले.

"तुमचं पात्र कोण, बाबा?" खारूने विचारलं.

"खेचरवाला," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जादू येत नाही. तलवार येत नाही. सामान वाहतो. खेचर आहे."

चार महिने बरे गेले. खारू चुकायची, अडखळायची, खानावळवाल्याचं नाव दर वेळी वेगळं सांगायची, पण गाडी चालली होती. आत्याची जादूगारीण, दातांच्या डॉक्टरांचा सरदार आणि पोस्टमनचा लढवय्या असे तिघे जुने गडी तिला सांभाळून घेत होते. खेचरवाला मागून मुकाट्याने चालायचा.

आणि मग एका रविवारी खेळात ती पेटी सापडली.

इथे बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सूत्रधार म्हणून माणूस दिलदार होता, पण एका बाबतीत त्यांच्यासारखा कंजूष शोधून सापडला नसता. कुणाला खेळात 'इच्छा' मिळाली, म्हणजे मागशील ते देणारी जादू हाती लागली, की बाबांच्या डोळ्यांत एक चमक यायची आणि तोंडचा शब्द माणसाच्याच गळ्यात पडायचा. आत्याने शंभर खोल्यांचा राजवाडा मागितला. मिळाला. एका झोपलेल्या कासवाच्या पाठीवर. कासव जागं झालं आणि राजवाड्यासकट समुद्रात गेलं. पोस्टमनने मागितलं, "जगातली कुठलीही तलवार मला शिवू नये." दुसऱ्या दिवसापासून त्याची स्वतःचीसुद्धा त्याच्या हातात थांबेना. तेव्हापासून तो बिचारा लाठीने लढतोय. डॉक्टरांनी हौसेने मागितलं, "माझ्या घोड्याला माझ्याशी बोलता येऊ दे." घोडा बोलायला लागला तो गप्पच बसेना. खोगीर टोचतं, चारा शिळा आहे, तुम्ही जाड झालात. बारा वर्षं झाली, तो घोडा अजून बडबडत होता.

शेवटी असं झालं की एकदा जादूचा दिवा हाती लागला, तेव्हा या तिघांनी तो न घासता विहिरीत टाकला, वर दगड लोटला आणि पळ काढला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

पेटीत काय आहे हे ठरवायला बाबांच्याच जुन्या वहीत शंभर ओळींची यादी होती. खारूने फासे टाकले. शंभर. तिने शंभरावी ओळ वाचली आणि विचार करायच्या आत तिच्या तोंडून निघूनही गेलं.

"निळ्या काचेची कुपी आहे. बुचावर मेणाची मोहोर. आत कुणीतरी कूस बदलतंय."

पोस्टमनने खुर्ची मागे ढकलली. "पुरा! आहे तिथेच पुरा तिला!"

"थांबा," डॉक्टर म्हणाले. ते शिस्तीचे होते. "पेटी उघडली कुणी?"

सगळे आठवू लागले. पेटीला विषारी काटा असेल या भीतीने तिघांनीही माघार घेतली होती आणि ज्याच्या जिवाची फारशी किंमत नाही अशा माणसाला पुढे केलं होतं.

"खेचरवाल्याने!" आत्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा खुलला. "अगं बाई! म्हणजे इच्छा दादाची!"

बाबांनी हळूच चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "एक आठवडा द्या," ते म्हणाले. "लिहून आणतो."

तो आठवडा खारूला कुणी सुखाने काम करू दिलं नाही. सोमवारी ती एका आठ मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून दारांचे रोलर बदलत होती, तर खालून हाक आली. पोस्टमन. त्याची फेरी त्याच इमारतीत होती.

"खारू! सुचलं का काही?"

"कसलं?"

"काकांना कसं अडकवायचं ते! बावीस वर्षांचा हिशेब आहे, बाई. अमर व्हायला मागितलं तर दगड कर. बळ मागितलं तर खेचराला दे. मी लाठी घेऊन फिरतोय गं, लाठी!"

"तुम्ही पत्रं वाटा बरं," खारू वरून म्हणाली, पण तिला हसू फुटलं.

मंगळवारी डॉक्टरांनी फोनवर भलीमोठी यादी पाठवली, 'संभाव्य पळवाटा' या मथळ्याखाली. बुधवारी आत्याने तिला लाँड्रीत बोलावून घेतलं आणि चादरीचं एक टोक तिच्या हातात देत म्हणाली, "मला फक्त एवढंच हवंय की दादाचा चेहरा मला बघायला मिळावा. कासव चालायला लागलं तेव्हा माझा झाला होता ना, तसा."

खरं सांगायचं तर खारूलाही खुमखुमी होतीच. आपणही कमी नाही हे दाखवायची याहून चांगली संधी कुठून येणार? दुपारच्या सुट्टीत ती डबा खाता खाता पळवाटा शोधायची.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. बाबा संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी कागद मांडून बसत. दोन ओळी लिहीत, एक खोडत. कपाटातला जाडजूड शब्दकोश टेबलावर आला होता. 'कोरडे' या शब्दापाशी खूण घातलेली खारूने पाहिली आणि तिला काही उमजेना. गुरुवारी आई वैतागून म्हणाली, "हा माणूस जेवताना पुटपुटतोय. घशाच्या डॉक्टरांनी पुटपुटायलाही बंदी केली आहे ना?"

खारूने बाबांकडे नीट पाहिलं. माणूस मजेत नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं दिसतात तसे ते दिसत होते. आणि तिच्या एकदम ध्यानात आलं की बाबा घाबरले आहेत, तेही तिला. तिला गंमत वाटली आणि थोडं लागलंही.

ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, आजचं तुमचं बोलणं किती शिल्लक आहे?"

त्यांनी घड्याळ पाहून दहा बोटं दाखवली.

"मग सांगा. लोकांच्या इच्छा तुम्ही अशा का उलटवायचात? एरवी तर मुंगीलाही तुम्ही बाजूला होऊन वाट देता."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "पहिली इच्छा मी सरळ दिली होती," ते म्हणाले. "तुला आठवणार नाही. आठ महिने आम्ही एका ड्रॅगनच्या मागावर होतो. नकाशे, गुहा, काय काय तयार केलं होतं मी! आणि एकाला इच्छेची अंगठी मिळाली. तो म्हणाला, ड्रॅगन मरू दे. मी म्हटलं, मेला."

"मग?"

"मग काही नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले. अकरा वाजता घरी गेले. पुढचे दोन रविवार कुणी आलंच नाही." त्यांनी घसा खाकरला. "घाबरलो मी. वाटलं, इच्छा म्हणजे खेळाच्या मुळावर येणारी चीज. म्हणून मग तिचे दात पाडूनच द्यायला लागलो. लोक हसायचे, खेळ वाचायचा. पुढे पुढे मलाच त्याची गोडी लागली, हेही खरं."

"आणि आता मी तसंच करीन असं वाटतंय तुम्हाला."

"शिकलीस कुणाकडे?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा शब्दकोशात डोकं घातलं.

खारू गॅलरीत जाऊन उभी राहिली. सरळ दिलं की खेळ मरतो आणि वाकडं दिलं की माणसं मागायचीच सोडतात. तिघे जाणते लोक जादूचा दिवा विहिरीत टाकून पळतात, यात कसली आली जादू? पण या दोहोंच्या मधलं काय, ते मात्र तिला त्या दिवशी सुचलं नाही. शनिवारीही सुचलं नाही.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असतानाच सगळे हजर होते. आत्याने तर खुर्ची अशी लावली होती की दादाचा चेहरा समोरून दिसावा. बाबांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले आणि आवाज वाचवण्यासाठी डॉक्टरांच्या हाती दिले. डॉक्टरांनी चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली.

"इच्छापत्र. कलम एक. 'मी' म्हणजे खेचरवाला, आज ज्या देहात आहे त्याच देहात, त्याच वयाचा. कलम दोन. 'मोजे' म्हणजे पायात घालायचे, लोकरीचे, विणलेले, निर्जीव, निरुपद्रवी आणि..." डॉक्टर थबकले. "आणि न बोलणारे."

"मोजे?" आत्या म्हणाली.

"कलम तीन. 'जोडी' म्हणजे एक डावा व एक उजवा, समान मापाचे. कलम चार. 'कोरडे' म्हणजे पाणी, रक्त, विष वा अन्य कोणत्याही द्रवाने न भिजलेले. कलम पाच. सदर मोजे कुणाच्या पायातून काढलेले नसावेत. विशेषतः त्या पायांचा धनी जवळपास, रागावलेला अथवा मृत नसावा."

"अहो पण मोजे?" पोस्टमन ओरडला. "मोजणीदाराने मोजे मागितले?"

आता मात्र सगळ्यांचा धीर सुटला. आत्या टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. डॉक्टर हसू दाबत कसेबसे पुढे वाचत होते. कलम अकरा, मोजे घातल्यावर पायांचा आकार, रंग वा जात बदलू नये. कलम सोळा, पावलांची संख्या दोनच राहील. कलम सतरा, वरील कलमांच्या अर्थाबद्दल शंका आल्यास तिचा निकाल खेचरवाल्याच्या बाजूने लावावा. "सबब," डॉक्टरांनी डोळे पुसले, "सबब वरीलप्रमाणे कोरड्या मोज्यांची एक जोडी द्यावी."

बाबांचा चेहरा मात्र गंभीर होता. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. काहीही मागितलं तरी बिघडणारच. मग बिघडायला जागाच राहणार नाही एवढंसं मागावं.

"पत्ता!" पोस्टमन एकदम उठून उभा राहिला. "द्यावी म्हटलंय, पण कुठे द्यावी? सतरा कलमं लिहिली, पत्ता लिहिला नाही! अहो, बिनपत्त्याचं टपाल कुठेही जाऊ शकतं! समुद्राच्या तळाशी! ड्रॅगनच्या उशाशी!"

बाबांनी कागद ओढून घेतला. कलमांवरून बोट फिरवलं. आणि आत्याला आठवडाभर बघायचा होता तो चेहरा अखेर झाला.

सगळे खारूकडे पाहू लागले. ड्रॅगनच्या उशाशी ठेवलेले मोजे तिला डोळ्यांसमोर दिसतही होते. एक वाक्य बोलायचं, खोली हास्याने दणाणली असती आणि बावीस वर्षांचं उट्टं निघालं असतं. पण बाबांची बोटं पेन्सिलीवर इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी झाली होती. सतरा कलमांत त्या माणसाने आपल्याला काय हवंय यातलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. काय नको, तेवढंच लिहिलं होतं.

खारूने आडोसा दुमडून बाजूला ठेवला.

"कुपीचं बूच निघतं," ती म्हणाली. "आतून एक म्हातारी बाहेर येते. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप. जांभई देते आणि खेचरवाल्यासमोर मांडी घालून बसते." मग खारूने आवाज बदलला. "मोजे देते. तुझ्याच हातात देते. समोर बसला आहेस, पत्ता कशाला लागतो? पण हजार वर्षांनी उठवलंस ते मोज्यांसाठी? लेका, तुला खरंच काय हवंय?"

बाबा पुन्हा आपल्या कलमांकडे पाहू लागले.

"माझी रीत ऐक," म्हातारी म्हणाली. "तू मागायचं. त्याची काय किंमत पडेल ते मी आधी सांगायचं. पटलं तर घे, नाही पटलं तर शब्द मागे घे. मी शब्दांत पकडत नाही. घाईत माणसाच्या तोंडून कसेही पडतात ते."

बाबांनी टेबलावर पुढे झुकून हळूच विचारलं, "खारू, हा डाव आहे का?"

"नाही, बाबा."

पोस्टमन खाली बसला. बाबांनी नकाशाची नळी उघडली, तो जुना, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला नकाशा टेबलावर पसरला आणि वरच्या कडेला बोट ठेवलं. उत्तरेच्या डोंगररांगेच्या पलीकडे कागद कोरा होता.

"इथे काय आहे ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्ही कुणी इकडे निघालात की मी बर्फ पाडायचो. कारण पलीकडचं काही तयार नसायचं. दरवेळी म्हणायचो, पुढच्या वर्षी करू. या जगातलं दुसरं कुठलंही दार उघडलं तरी आत काय आहे ते मला आधीच ठाऊक असतं. गेले चार महिने मी तुमच्या मागून चालतोय, पण कुठल्या वळणावर काय आहे ते मला पाठ आहे. मी गप्प असतो एवढंच." त्यांचा आवाज चिरकला. "मला तिकडे जायचंय."

आत्याने डोळ्यांना पदर लावला नाही, कारण तिच्या अंगात लाँड्रीचा डगला होता. तिने त्याची बाही लावली.

खारूकडेही पलीकडचं काही तयार नव्हतं. पण म्हातारीने शब्द दिला होता.

"देईन," म्हातारी म्हणाली. "किंमत ऐक. खिंड मी उघडेन, पण तुम्ही पार झालात की ती वर्षभर मिटेल. तुमची जनावरं सोडली तर मागचं काही सोबत येणार नाही. ओळखीचे राजे नाहीत, पदरची माणसं नाहीत, नकाशा नाही. आणि हे सगळ्यांनाच भोगावं लागेल, म्हणून सगळ्यांनाच विचारते."

"माझं आहे कोण मागे?" आत्या म्हणाली. "एक राजवाडा होता, तो पोहत गेला. चला."

"माझ्या घोड्याला थंडी सोसत नाही," डॉक्टर म्हणाले. "रस्ताभर ऐकवेल मला. पण ठीक आहे, चला."

पोस्टमनने विचार केला. "तिकडच्या तलवारी? त्याही मला शिवणार नाहीत ना?"

"तिकडच्याही नाहीत."

"मग काय, मी तर शेर आहे तिकडे! चला!"

असे ते निघाले. खारू त्यांना चढ चढवत होती, बर्फातून नेत होती, आणि डोक्यात एकच घोषा: वर पोचल्यावर काय? वर पोचल्यावर काय? जंगल? वाळवंट? सगळं मिळमिळीत वाटत होतं. खिंडीच्या तोंडाशी आल्यावर तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे आलं ते रोजचंच. लिफ्टचा अंधारा उभा शाफ्ट, ताणलेले दोर, आणि एक डबा वर जाताना समोरून खाली सरकणारं वजन.

"तुमच्या पायाखाली एक दरी आहे," ती म्हणाली. "इतकी खोल की तळ दिसत नाही. आणि दरीत गाव लटकलंय. घरं, गल्ल्या, विहिरीसकट अख्खे मोहल्ले, मनगटाएवढ्या जाड दोरांना बांधलेले. वर काठावर डोंगराएवढ्या चक्र्या. एक मोहल्ला उन्हात वर येतो, तेव्हा दुसरा अंधारात खाली जातो. गावाचं नाव झुलती पेठ."

बाबांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"वर येणाऱ्यांना..." ते म्हणाले, "म्हणजे खाली जाणाऱ्यांच्या वजनानेच वर येतात?"

"हो."

"मग ऊन कुणाला किती, हे ठरवतं कोण?"

"ते तुम्ही गावात उतरून विचारा," खारू म्हणाली, कारण तिलाही माहीत नव्हतं.

त्या सकाळी जी धमाल झाली तिला तोड नव्हती. खेचरवाला, जो चार महिने शेवटच्या जागेवरून हलला नव्हता, तो सगळ्यांत पुढे होता. त्याने दोरवाल्यांशी गप्पा मारल्या. खेचर नेमकं किती वजनाचं यावरून नाक्यावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घातली. एका चक्रीपाशी तर तो इतका वेळ रेंगाळला की जादूगारिणीने त्याला कान धरून ओढलं. बाबांचा अर्धा तास कधीच संपला. ते कुजबुजायला लागले.

"दादा, कुजबूजही धरली जाते," आत्याने घड्याळ दाखवलं.

मग ते खुणांवर आले. डॉक्टर त्यांच्या खुणांचा अर्थ लावून सांगत होते आणि हटकून चुकीचा लावत होते. त्यापायी खेचरवाल्याने एका विधवा दोरवालीला भर बाजारात लग्नाची मागणी घातली. बाबांना फक्त दोरीचा एक तुकडा मागायचा होता. दोरवालीने विचार करून सांगते म्हटलं.

जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना. शेवटी आईचा फोन आला, तेव्हा कुठे टेबल आवरलं.

बुधवारी खारू शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याच्या इमारतीत गच्चीवरच्या मशीन रूममध्ये ब्रेक तपासत होती. जिन्यावर पावलं वाजली. दारात बाबा. धाप लागलेली, बगलेत कोरी वही.

"इथे कशाला आलात? आणि जिना चढून?"

"लिफ्ट तू बंद ठेवली आहेस," बाबा म्हणाले.

ते मुद्दाम बघायला आले होते. चक्री बघितली, दोर किती पदरी ते मोजलं, शाफ्टच्या भोकातून खाली डोकावून काउंटरवेट म्हणजे ते समतोलाचं वजन कुठे आहे ते विचारलं. खारू कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, ही लबाडी आहे. रविवारच्या खेळाची तयारी करताय तुम्ही."

"ही मोजणी आहे," बाबा म्हणाले. "मला एक सांग. समज, ब्रेक निकामी झाला. आणि डबा रिकामा आहे. तर तो किती जोरात खाली येईल?"

"खाली येणारच नाही. वर जाईल."

"वर?"

"समोरचं वजन रिकाम्या डब्याहून जड असतं ना. ते खाली जातं आणि डबा ओढला जातो वर."

बाबा थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या, आणि रिकामी लिफ्ट वर पडते हे त्यांना आज कळत होतं. "वर!" ते म्हणाले, आणि मोठ्याने हसले, घशाची पर्वा न करता. मग वही उघडून भराभर काहीतरी लिहू लागले, खारूला दिसू नये म्हणून पाठ फिरवून.

खारूने पाना उचलला आणि ब्रेककडे वळली. खेचरवाला रविवारी झुलत्या पेठेतला एखादा अख्खा मोहल्ला वर उन्हात जावा म्हणून रिकामा करायला निघणार, हे आता उघड होतं. तिच्या हातात चार दिवस होते, आणि त्या गावाच्या ब्रेकचं काय करायचं, हे तिला अजून ठरवायचं होतं.